हातात दिवा, वहीत आकडे

फ्लोरेन्स नाइटिंगेल हे नाव ऐकले की शाळेच्या पुस्तकातले ते चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. रात्रीची वेळ, दोन्ही बाजूंना जखमी सैनिकांच्या खाटा आणि मधून हातात दिवा घेऊन चाललेली एक सडपातळ, शांत बाई. लंडनच्या ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या साप्ताहिकाने २४ फेब्रुवारी १८५५ च्या अंकात हे दृश्य छापले आणि बाई घराघरांत पोचल्या. (पुढच्या चित्रकारांनी त्यांच्या हाती जो अल्लाउद्दिनाच्या गोष्टीतला दिवा दिला, तो मात्र कल्पनेतला. खरा दिवा म्हणजे घडी घालता येणारा तुर्की कंदील होता.)

आता याच फेब्रुवारी महिन्यातला, याच रुग्णालयातला एक आकडा पाहा. तिथे उपचारासाठी आलेल्या दर शंभर सैनिकांमागे सुमारे ४२ जण मरण पावत होते. चित्र सगळ्यांना ठाऊक झाले, आकडा फार थोड्यांना. नाइटिंगेलबाईंनी मात्र पुढचे सारे आयुष्य त्या चित्राकडे पाठ फिरवून या आकड्याचा पाठपुरावा करण्यात घालवले.

आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या बाकावर रात्र काढलेली असते. काचेपलीकडे आपले माणूस, नळ्या, यंत्रांचे टिकटिक आवाज, आणि आपल्या हाती काहीच नाही. आतले डॉक्टर चांगले आहेत असे आपण धरून चालतो, कारण तसे न धरले तर बसवत नाही. पण एखादा विभाग खरोखर चांगले काम करतो आहे की नाही हे त्या विभागाला तरी कसे कळते? आज अनेक ठिकाणी त्यासाठी आलेख ठेवतात. किती रुग्ण आले, किती दगावले, किती जणांना नळीतून जंतुसंसर्ग झाला, याचे महिन्याचे ठिपके त्यावर मांडले जातात. या आलेखाची वंशावळ शोधत मागे गेलो तर वाटेत जी मोठी माणसे भेटतात, त्यांत या दिवेवाल्या बाई अगदी सुरुवातीला उभ्या आहेत.

फ्लोरेन्सचा जन्म १२ मे १८२० चा, इटलीतल्या फ्लोरेन्स शहरातला. गावाचेच नाव मुलीला दिले. आईवडील इंग्रज आणि चांगले गर्भश्रीमंत. उन्हाळ्यात राहायला डर्बीशायरमध्ये एक घर, एरवी हॅम्पशायरमध्ये दुसरे. वडील विल्यम नाइटिंगेल यांनी दोन्ही मुलींना स्वतः शिकवले. ग्रीक, लॅटिन, इतिहास, तत्त्वज्ञान असा तो अभ्यास होता. फ्लोरेन्सला मात्र गणिताची ओढ होती. मुलीच्या जातीला गणित कशाला, हा प्रश्न फक्त आपल्याकडेच विचारला जात होता असे समजू नये. तिच्या आईनेही तो विचारला आणि शिकवणीला बराच काळ विरोध केला. शेवटी थोडे दिवस तरी शिक्षक मिळाले.

वयाच्या सतराव्या वर्षी, १८३७ च्या फेब्रुवारीत, देवाने आपल्याला सेवेसाठी बोलावले आहे असे तिला वाटले. सेवा कोणती, हे कळायला आणखी काही वर्षे गेली. आणि ती रुग्णसेवा आहे हे कळल्यावर घरात आकांत झाला. त्या काळच्या इंग्लंडात रुग्णालयातली परिचारिका म्हणजे अडाणी, बरेचदा दारू पिणारी बाई, असाच समज होता. घरच्यांनी बंदी घातली. मग तिने दुसरा मार्ग काढला. पहाटे घर जागे होण्यापूर्वी उठायचे आणि मेणबत्तीच्या उजेडात रुग्णालयांचे व आरोग्यखात्याचे सरकारी अहवाल वाचायचे. त्यांतल्या आकड्यांची टिपणे काढून तिने वह्यांमागून वह्या भरल्या. न्याहारीची वेळ झाली की खाली येऊन पुन्हा घरची शहाणी मुलगी. सैनिकांच्या खाटांमधून फिरणाऱ्या दिव्याआधीचा हा दिवा मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

रिचर्ड मंक्टन मिल्न्ससारख्या नामवंत, मनाला भावलेल्या माणसाची मागणी तिने १८४९ मध्ये नाकारली. १८५१ मध्ये जर्मनीतल्या कायझर्सवर्थ येथील संस्थेत तीन महिने प्रशिक्षण घेतले. १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील स्त्रियांच्या एका लहान रुग्णालयाची प्रमुख म्हणून काम मिळाले. वडिलांनी वर्षाला ५०० पौंडांची तनखावजा सोय करून दिली. फ्लोरेन्स आता नाइटिंगेलबाई झाल्या होत्या.

मग क्रिमियाचे युद्ध आले. रशियाविरुद्ध इंग्लंड, फ्रान्स आणि तुर्कस्तान. १८५४ च्या ऑक्टोबरात ‘टाइम्स’ने जखमी सैनिकांच्या हालांच्या बातम्या छापल्या आणि इंग्लंड हादरले. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे बाईंचे स्नेही. त्यांच्या सांगण्यावरून २१ ऑक्टोबरला ३८ परिचारिका घेऊन बाई निघाल्या आणि ४ नोव्हेंबर १८५४ रोजी स्कुटारीला पोचल्या. हे गाव क्रिमियात नाही. ते इस्तंबूलच्या समोर, आशियाच्या बाजूच्या किनाऱ्यावर आहे आणि आज त्याला उस्कुदार म्हणतात. युद्धभूमीवरून काळा समुद्र ओलांडून जहाजांनी रुग्ण तिथे आणत. तुर्की सैन्याची एक प्रचंड बराक हेच रुग्णालय.

तिथे काय नव्हते याची यादी करण्यापेक्षा काय होते ते सांगणे सोपे आहे. उंदीर होते, उवा होत्या, अतिसार होता आणि इमारतीच्या पोटात तुंबलेली गटारे होती. बाईंनी मुदपाकखाना उभा केला, कपडे धुण्याची सोय केली, देणगीच्या पैशांतून सदरे, ब्रश, भांडी विकत आणली. सैन्याचे डॉक्टर सुरुवातीला त्यांना दाराशी उभे करेनात, पण रुग्णांचे लोंढे आल्यावर त्यांचाही नाइलाज झाला. रात्री दिवा घेऊन फेरी मारणे, मरणाऱ्याजवळ बसणे, त्याच्या घरी पत्र लिहिणे हे सगळे खरेच घडले. त्यात अतिशयोक्ती नाही.

आणि तरीही माणसे मरत राहिली. नोव्हेंबरपेक्षा डिसेंबरात जास्त, डिसेंबरपेक्षा जानेवारीत जास्त, आणि फेब्रुवारीत तो ४२ टक्क्यांचा कळस. त्या एका हिवाळ्यात स्कुटारीत चार हजारांच्या आसपास सैनिक गेले.

मार्च १८५५ च्या सुरुवातीला सरकारने पाठवलेले स्वच्छता मंडळ येऊन पोचले. त्यात डॉक्टर जॉन सदरलँड आणि अभियंते रॉबर्ट रॉलिन्सन हे प्रमुख. त्यांनी औषधे बदलली नाहीत. त्यांनी गटारे उपसली, मेलेली जनावरे हलवली, पाण्याचा मार्ग मोकळा केला, भिंतींना चुना लावला आणि खिडक्या उघडल्या. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण सुमारे २ टक्क्यांवर आले.

बाई १८५६ च्या ऑगस्टमध्ये मायदेशी परतल्या. स्वागताच्या मिरवणुका टाळण्यासाठी मिस स्मिथ या नावाने प्रवास केला. तोवर त्या राणीइतक्याच प्रसिद्ध झाल्या होत्या. क्रिमियात आलेल्या तापाने तब्येत पार खिळखिळी झाली होती. पुढे कित्येक वर्षे त्या बहुतांशी अंथरुणावर किंवा खोलीतच होत्या. पण राणी व्हिक्टोरियाची भेट घेऊन त्यांनी लष्कराच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या आयोगाचा आग्रह धरला. १८५७ मध्ये सिडनी हर्बर्ट यांच्या अध्यक्षतेखाली तो नेमला गेला. बाई स्त्री असल्याने त्यावर सभासद होऊ शकत नव्हत्या; पण आयोगाचे आकडे, प्रश्नावल्या आणि बरेचसे निष्कर्ष त्यांच्याच खोलीतून बाहेर पडले.

या कामात त्यांना जोडीदार मिळाला तो विल्यम फार. जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयातले हे संख्याशास्त्रज्ञ म्हणजे त्या विषयातले त्या काळचे मोठे नाव. दोघांनी लष्कराच्या नोंदी उलगडायला घेतल्या तेव्हा पहिला धक्का बसला तो नोंदींचाच. मेलेल्यांच्या निरनिराळ्या याद्या होत्या आणि त्यांचा एकमेकींशी मेळ बसत नव्हता. किती माणसे मेली हेच जिथे ठरत नाही, तिथे का मेली हे कोण सांगणार?

हळूहळू हिशेब लागला. युद्धात ब्रिटिशांचे सुमारे २१,००० सैनिक गेले. त्यांपैकी शत्रूच्या गोळीने किंवा जखमांनी गेलेले पाच हजारांच्याही आत. सोळा हजारांवर माणसे रोगांनी मेली. आणि मृत्यूचे प्रमाण सर्वांत वाईट होते ते स्कुटारीत, म्हणजे बाईंच्याच रुग्णालयात.

इथे जरा थांबायला हवे. स्कुटारीत असताना बाईंची समजूत अशी होती की सैनिक उपासमारीने आणि थंडीने आधीच खंगून येतात, उशिरा येतात, म्हणून मरतात. आकडे वेगळेच सांगत होते. तोच हिवाळा आणि तीच उपासमार सोसलेले जे सैनिक पुढच्या छावण्यांतल्या साध्या रुग्णालयांत राहिले, ते जास्त संख्येने वाचले. स्कुटारीला आणून आपण त्यांना गटारावर झोपवले होते. १८५७ च्या ऑगस्टमध्ये बाईंची प्रकृती एकाएकी ढासळली. ती या जाणिवेच्या धक्क्याने, असे काही अभ्यासक मानतात. इतर काहींना ते पटत नाही. तो जुन्या तापाचाच भाग होता असे त्यांचे म्हणणे. मनातले कोणी सांगावे? पण पुढे त्यांनी काय केले हे कागदावर आहे. त्यांनी तो आकडा लपवला नाही. स्वतःच्या खर्चाने आठशेहून अधिक पानांचा अहवाल १८५८ मध्ये छापून घेतला आणि त्यात स्वतःच्या रुग्णालयाचे मृत्यू महिन्यामहिन्याने मांडले.

फार यांचे मत होते की आकडेवारी कोरडीच असावी. बाईंना माहीत होते की मंत्री आणि सेनापती तक्ते वाचत नाहीत. म्हणून त्यांनी चित्र काढले. घड्याळाच्या तबकडीसारखे एक वर्तुळ, त्यात बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या. पाकळीचे क्षेत्रफळ म्हणजे त्या महिन्यातले मृत्यूचे प्रमाण. टाळता येण्याजोग्या रोगांचे मृत्यू निळ्या रंगात, जखमांचे तांबड्या, इतर कारणांचे काळ्या. शेजारी पुढच्या वर्षाचे दुसरे वर्तुळ. एक नजर टाकली की पुरे. तांबडी पाकळी मध्यभागी चिमटीएवढी, आणि निळी कागदभर पसरलेली.

जानेवारी १८५५ ची पाकळी घ्या. त्या महिन्यात पूर्वेकडच्या ब्रिटिश सैन्याची सरासरी संख्या ३२,३९३. साथीच्या रोगांनी मेले २,७६१, जखमांनी ८३, इतर कारणांनी ३२४. या वेगाने बारा महिने गेले असते तर हजारांमागे १,०२३ माणसे एकट्या रोगाने गेली असती, म्हणजे सबंध सैन्य संपूनही हिशेब शिल्लक राहिला असता. मार्च १८५६ मध्ये, त्याहून मोठ्या सैन्यात, रोगाने मेलेले उरले फक्त १५. शत्रू तोच होता, डॉक्टरही बहुतेक तेच.

त्याच सुमारास, १८५८ मध्ये, लंडनच्या संख्याशास्त्र सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले. तो मान मिळालेली ती पहिली स्त्री.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. रोग जंतूंमुळे होतात हे बाईंना त्या काळी पटलेले नव्हते. घाण हवेतून रोग पसरतात ही जुनी समजूत त्यांनी बरीच वर्षे धरून ठेवली. कारण चुकीचे, पण आकड्याने बोट ठेवलेली जागा बरोबर होती. आलेख रोगाचे कारण सांगत नाही. इथे काही बिघडले आहे, जाऊन पाहा, एवढेच तो सांगतो.

सैन्याचे झाल्यावर बाई नागरी रुग्णालयांकडे वळल्या. लंडनमधले प्रत्येक रुग्णालय आपापल्या पद्धतीने नोंदी ठेवी. एकाच रोगाला दोन ठिकाणी दोन नावे. १८६० च्या जुलैमध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषद भरली, तिच्यापुढे त्यांनी सर्व रुग्णालयांसाठी एकच नमुना-अर्ज ठेवला. वर्षारंभी किती रुग्ण होते, किती नवे आले, किती बरे होऊन गेले, किती मेले, किती दिवस राहिले, हे वय आणि रोग यांनुसार भरायचे. बेल्जियमचे थोर संख्याशास्त्रज्ञ केटले यांना बाई गुरुस्थानी मानत. तेही या परिषदेला आले होते. परिषदेने अर्ज उचलून धरला आणि काही रुग्णालयांनी तो वापरूनही पाहिला. पण भरायला किचकट, म्हणून काही वर्षांत मागे पडला. कार्यालयात काम केलेल्या कोणालाही याचे नवल वाटणार नाही.

१८६३ मध्ये मात्र त्या अडचणीत आल्या. रुग्णालयांवरच्या आपल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत त्यांनी फार यांनी तयार केलेला १०६ रुग्णालयांचा तक्ता छापला. त्यात लंडनच्या २४ रुग्णालयांचा मृत्युदर ९० टक्क्यांच्या वर, आणि जिल्ह्याच्या गावांतल्या रुग्णालयांचा ३९ च्या आसपास. लंडनचे डॉक्टर खवळले, आणि त्यांचे खवळणे रास्त होते. फार यांनी वर्षभरातल्या मृत्यूंना एका ठराविक दिवशी खाटांवर असलेल्या रुग्णांच्या संख्येने भागले होते. समजा रुग्णालयात १०० खाटा आहेत, वर्षात १,२०० रुग्ण येऊन गेले आणि ९० मेले. फार यांच्या रीतीने दर ९० टक्के, सरळ रीतीने साडेसात टक्के.

दुसरा आक्षेप त्याहून मोलाचा होता. लंडनच्या रुग्णालयांत यंत्रात सापडलेले कामगार, गाडीखाली आलेली माणसे, शेवटच्या टप्प्यातले रुग्ण येतात. लहान गावच्या रुग्णालयात दुखणी सौम्य असतात. मग दोघांचे आकडे शेजारी ठेवणे कितपत न्याय्य? या सगळ्या चरित्रातला हा वाद मला सर्वांत जिवंत वाटतो, कारण तो अजून संपलेला नाही. आपल्या शहरातले जे रुग्णालय सर्वांत गंभीर रुग्ण नाकारत नाही, त्याचा मृत्युदर सर्वांत वाईट दिसणारच. आकडे नुसते शेजारी ठेवले, तर सर्वांत धीराच्या डॉक्टरला सर्वांत वाईट गुण मिळतील.

या आक्षेपाला चांगले उत्तर मिळायला शतकाहून अधिक काळ लागला, आणि ते मिळाले अतिदक्षता विभागात. हा विभागही तसा नवाच. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण सावरेपर्यंत त्याला शस्त्रक्रियागृहालगतच्या लहान खोलीत ठेवण्याच्या पद्धतीची नोंद बाईंच्या त्याच १८६३ च्या पुस्तकात आहे. पण आजच्या अर्थाचा विभाग कोपनहेगनला १९५३ च्या डिसेंबरात डॉक्टर ब्यॉर्न इब्सेन यांनी सुरू केला. त्याच्या आदल्या वर्षी तिथे पोलिओची भयानक साथ आली होती आणि श्वास थांबलेल्या रुग्णांना वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने हवा देऊन जगवले होते. १९८१ मध्ये अमेरिकेत डॉक्टर विल्यम नाउस आणि सहकाऱ्यांनी रुग्ण किती गंभीर आहे हे गुणांत मोजण्याची ‘अपाचे’ नावाची पद्धत मांडली आणि १९८५ मध्ये ती सोपी केली. ताप, रक्तदाब, श्वास, रक्तातले क्षार अशी बारा मोजमापे, शिवाय वय आणि जुने आजार. त्यांवरून या रुग्णाला मृत्यूचा धोका किती, याचा अंदाज बांधता येतो. सगळ्यांचे धोके मिळवले की या विभागात साधारण किती मृत्यू अपेक्षित होते ते कळते. प्रत्यक्ष मृत्यूंना त्या संख्येने भागायचे. उत्तर एकाच्या वर गेले तर विचार करायचा.

पण लगेच घाबरायचे का? इथे बाईंपाशी नसलेली दुसरी गोष्ट लागते. वॉल्टर शुहार्ट हे अमेरिकेतल्या टेलिफोनची उपकरणे बनवणाऱ्या कारखान्यातले शास्त्रज्ञ. त्यांनी १६ मे १९२४ रोजी वरिष्ठांना एक छोटे टिपण दिले, त्यात पहिला नियंत्रण-आलेख होता. मधे सरासरीची रेषा, वर आणि खाली एकेक सीमारेषा. सीमेच्या आतला चढउतार हा नेहमीचा, दैवाधीन. बाहेर गेलेला ठिपका मात्र काहीतरी विशेष घडल्याची खूण. (हेच शुहार्ट १९४७-४८ च्या हिवाळ्यात भारतीय संख्याशास्त्र संस्थेच्या आमंत्रणावरून आपल्याकडे येऊन देशभर फिरले आणि आपल्या कारखान्यांत ही पद्धत रुजायला त्यामुळे मोठी मदत झाली.)

एक उदाहरण करून पाहू. समजा एका अतिदक्षता विभागात महिन्याला ६० रुग्ण येतात आणि आजवरच्या अनुभवाने १५ टक्के, म्हणजे सरासरी ९ जण दगावतात. गणित केले तर वरची सीमा १७ च्या किंचित पुढे येते. एखाद्या महिन्यात १३ जण गेले तर नातेवाईक चिडतात, विश्वस्त जाब विचारतात, पण आलेख सांगतो की एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. १८ गेले तर मात्र शोध घ्यायलाच हवा. आणि समजा सलग आठ महिने दहा, अकरा, बारा असेच आकडे आले, सीमा एकदाही ओलांडली नाही, तरी सगळे ठिपके सरासरीच्या वर आहेत हीच धोक्याची खूण. डोळ्यांना ती सहसा दिसत नाही, कारण कोणताही एक महिना फार वाईट नसतो.

आणखी एक आलेख १९९७ पासून इंग्लंडात हृदयशस्त्रक्रियेसाठी वापरात आला. त्यात रेषा रुग्णागणिक पुढे सरकते. ज्याच्या मृत्यूचा धोका २० टक्के होता तो वाचला तर रेषा ०.२ ने वर, गेला तर ०.८ ने खाली. ज्याच्या वाचण्याची फारशी आशा नव्हती तो गेला तर रेषा थोडीच उतरते, आणि वाचला तर चांगली चढते. १८६३ सालच्या लंडनच्या डॉक्टरांना हा आलेख नक्की आवडला असता.

बाईंच्या आयुष्याकडे परत येऊ. त्यांच्या नावाने जमलेल्या निधीतून १८६० मध्ये लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली, हे सर्वश्रुत आहे. त्याच निधीतून पुढे किंग्ज कॉलेज रुग्णालयात सुइणींना शिकवण्यासाठी एक बाळंतपणाचा कक्ष उघडला. खेड्यापाड्यांत प्रशिक्षित सुईण जावी हा बाईंचा फार दिवसांचा ध्यास. काम चांगले चालले होते, पण बाळंतज्वराने बायका दगावू लागल्या. १८६७ मध्ये तो कक्ष बंद करण्यात आला. इतर कोणी असते तर प्रकरण तिथेच मिटवले असते. बाईंनी उलट इंग्लंडातले आणि युरोपातले बाळंतपणांचे आकडे जमवायला घेतले, आणि १८७१ मध्ये पुस्तक काढून दाखवले की घरी बाळंत होणाऱ्या गरीब बायकाही रुग्णालयात बाळंत होणाऱ्यांपेक्षा जास्त सुरक्षित आहेत. पुस्तकाला कारण झाला तो त्यांचा स्वतःचा कक्ष. स्कुटारीनंतर दुसऱ्यांदा त्यांनी आपल्याच कामाचे मृत्यू मोजून लोकांपुढे ठेवले होते.

आणि हिंदुस्थान. बाई इथे कधी आल्या नाहीत, पण या देशासाठी चाळीस-एक वर्षे लिहीत राहिल्या. १८५९ मध्ये हिंदुस्थानातल्या लष्कराच्या आरोग्यासाठी आयोग नेमला गेला. बाईंनी प्रश्नावली तयार करून इथल्या छावण्यांना पाठवली. पाणी कुठून येते, त्याची चव कशी, सांडपाणी कुठे जाते, बराकीत माणशी जागा किती? उत्तरांचे पेटारे लंडनला गेले. १८६३ मध्ये निघालेल्या अहवालाची पाने दोन हजारांवर भरली. इथल्या गोऱ्या सैनिकांचा मृत्युदर वर्षाला हजारी ६९ होता. दहा वर्षांनी तो १८ वर आल्याचे बाईंनी १८७४ मध्ये नोंदवले.

सुरुवातीला त्यांना काळजी होती ती साहेबाच्या फौजेची, हे मान्य करायला हवे. पण आकडे माणसाला जिथे नेतात तिथे बाई जात. छावणीच्या भिंतीपलीकडे गाव आहे, गावाचे पाणी तेच आहे, हे लक्षात आल्यावर त्यांचा विषय बदलला. दुष्काळ, कालवे, कुळांचे हक्क, खेड्यातली विहीर यांवर त्या लिहू लागल्या. मुंबईचे गव्हर्नर राहिलेले बार्टल फ्रिअर विलायतेला परतल्यावर त्यांचे सल्लागार आणि मित्र झाले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता, दादाभाई नौरोजींशी परिचय होता. समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या चरित्राच्या १८९२ च्या आवृत्तीला त्यांनी प्रस्तावना लिहिली. १८९४ मध्ये, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, हिंदुस्थानातल्या खेड्यांच्या स्वच्छतेवर त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

१८९१ मध्ये त्यांनी फ्रान्सिस गॉल्टन यांच्याशी मिळून आणखी एक खटपट केली. सरकार ढीगभर आकडे जमवते, पण त्यांचा अर्थ लावायला कोणाला शिकवत नाही, म्हणून ऑक्सफर्डला संख्याशास्त्राचे प्राध्यापकपद निर्माण करावे, असा बेत होता. स्वतःचे पैसे घालायची तयारी होती. बेत फसला.

मग दृष्टी गेली, स्मरणही विरत गेले. १९०७ मध्ये ब्रिटनचा ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा सन्मान त्यांना मिळाला. तो मिळवणारी ती पहिली स्त्री. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडनच्या राहत्या घरी, नव्वदाव्या वर्षी त्या गेल्या. वेस्टमिन्स्टर ॲबेत, राजे आणि कवींच्या शेजारी दफन करण्याची तयारी सरकारने दाखवली होती. कुटुंबाने ती आभारपूर्वक नाकारली. हॅम्पशायरमधल्या ईस्ट वेलो गावी, आईवडिलांच्या जवळ त्यांना पुरले. तिथल्या दगडावर त्यांचे पूर्ण नावही नाही. दोन आद्याक्षरे आहेत आणि त्यांखाली जन्माची तारीख, मृत्यूची तारीख.